आधी कोणाला सांगायचं?

गावाचं, शाळेचं नाव आणि साल इथं लिहिणार नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या मुलाची ओळख पटेल असं काही छापता येत नाही, आणि त्यात शाळेचं नावही येतं. सिंधुदुर्गातलं खाडीकाठचं गाव, जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा आणि मी तिथली प्रभारी मुख्याध्यापिका, एवढं पुरे.

आंब्याचे दिवस होते, म्हणजे सकाळची शाळा. अजून उजाडायचं होतं तेव्हा पोलीस पाटलांचा फोन आला. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या आमच्या ताईंना रात्री नवऱ्यानं कोयतीनं मारलं होतं. त्या जागीच गेल्या. नवरा पोलिसांच्या ताब्यात होता. ताईंची मुलगी सहावीत आणि मुलगा दुसरीत, दोघंही आमच्याच शाळेत. शाळा भरायला दोन तास उरले नव्हते.

फोन ठेवते न ठेवते तोच दिव्याहून एका आईचा फोन. पोरगी गावात आजीकडे, आईबाप मुंबईला, अशी आमच्या पटावरची कितीतरी मुलं आहेत. ज्यानं कोकणातली शाळा चालवली नाही त्याला हे लवकर कळत नाही, की आमच्या शाळेला पालक दोन ठिकाणी असतात. एक इथं खळ्यात बसलेले, ते फोनपेक्षा माणसावर विश्वास ठेवणारे. दुसरे दिवा-नालासोपाऱ्याला, त्यांना वाडीतली गोष्ट वाडीच्या आधी कळते. त्या बाईच्या मोबाईलवर घराच्या पायरीचा फोटो पोचलासुद्धा होता. "बाई, पोरीक शाळेत धाडू की नको?" एवढंच ती विचारत होती.

मी तिला म्हटलं, "अर्ध्या तासात शाळेचा मेसेज येईल, तोवर आजीला सांग, पोरीला घरात ठेव." आणि शाळेच्या ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय करून टाकली. मेसेज मात्र लिहिला नाही. ताईंच्या मुलांना भेटल्याशिवाय गावाला काही कळवायचं मनाला पटेना.

दोघं शेजारच्या घरी होती. धाकटा झोपला होता. मुलगी मागच्या पडवीत पाण्याच्या पिंपाजवळ बसून पायाला लागलेली माती नखानं काढत होती. माती निघाली तरी काढतच होती. मी शेजारी बसले. 'कशी आहेस' असं विचारण्यात अर्थ नव्हता. मी सरळ विचारलं, "शाळेत मुलांना सांगावं लागेल. काय सांगू?"

खूप वेळानं म्हणाली, "आई गेली म्हणान सांगा. बाबान मारल्यान ता सांगू नकात. धाकट्याक अजून म्हायत नाय."

सहावीतल्या पोरीनं माझा मसुदा करून दिला होता. सगळ्या गावाला माहीत होतं, पण ज्याला ते आधी कळायला हवं होतं तो आत झोपला होता. त्याला सांगण्याचा हक्क माझा नव्हता, शाळेचा तर नव्हताच. दुपारी ताईंची आई रिक्षानं पोचणार होती. तोपर्यंत आमच्या भिंतींच्या आत तरी ते वाक्य कोणी बोलणार नाही, एवढं मला करायचं होतं.

शाळेत आले तर सरपंच आणि व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष दारातच. सुट्टी द्या म्हणाले. मी नाही म्हटलं. सुट्टी दिली असती तर साठेक पोरं पंचनामा बघायला त्या घराच्या गडग्यावर चढून बसली असती. आमचे एक गुरुजी म्हणाले, "अपघात झाला म्हणून लिहूया बाई, लहान मुलं आहेत." माणूस सज्जन, हेतू चांगला. पण दोन तासांनी पोरगा घरी जाऊन खरं ऐकणार आणि उद्यापासून आमचं कुठलंच वाक्य खरं मानणार नाही. सगळं सांगायचं नाही हे मला मान्य होतं, खोटं सांगायचं मान्य नव्हतं.

केंद्रप्रमुखांना फोन केला. पहिला प्रश्न आला, "शाळेच्या आवारात घडलं का?" नाही म्हटल्यावर त्यांचा आवाज सैल झाला. वादळ, आग, सर्पदंश, सगळ्यांची प्रशिक्षणं आम्ही घेतलेली आहेत, सह्यांसकट. याचं नाही.

मेसेज असा गेला: "आपल्या शाळेच्या पोषण आहार मदतनीस ताईंचा काल रात्री मृत्यू झाला. पोलीस तपास करत आहेत. शाळा आज साडेनऊपर्यंत भरेल. मुलांना वर्गशिक्षक सांगतील. पालकांनी मुलांना न्यायला यावं, एकटं सोडणार नाही. ताईंची मुलं आपली मुलं आहेत. त्यांना कोणी प्रश्न विचारू नयेत, त्यांचे किंवा घराचे फोटो पुढे पाठवू नयेत, आलेले काढून टाकावेत. मुलांसाठी मदत हवी असल्यास १०९८, मोठ्यांना बोलावंसं वाटल्यास टेलिमानस १४४१६. पुढचा मेसेज अकरा वाजता."

अकराला सांगण्यासारखं नवीन काहीच नव्हतं. तरीही अकराला मेसेज गेला, की सगळी मुलं घरी पोचली, उद्या शाळा नेहमीच्या वेळेला. मुंबईच्या पालकांचे फोन त्यानंतर थांबले. मजकुरापेक्षा बोललेली वेळ पाळली याचाच तो परिणाम, असं माझं मत आहे. आणि वाडीतल्या आज्या-आजोबांसाठी दोन शिक्षिका घरोघर गेल्या, कारण खळ्यातल्या माणसाला ग्रुपवरचं सांगणं हे सांगणं वाटतच नाही.

वर्गात पहिलीच्या एका पोरानं विचारलं, "मग खिचडी कोण करणार?" शिक्षिकेला राग आला. मला नाही आला. त्याच्यासाठी ताई म्हणजे खिचडी, आणि भीती त्याच वाटेनं बाहेर येणार. मी सांगितलं, आज बिस्किटं, उद्यापासून समितीतल्या दोघी जणी शिजवतील. त्याचं समाधान झालं.

स्थानिक चॅनेलवाला एक तरुण आला, पटावरून मुलांचा फोटो द्या म्हणाला. त्याला कलम ७४ वाचायला दिलं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे वाचून तो चहा न घेताच गेला.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचलं. २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेत गोळीबार झाला, वीस मुलं आणि सहा मोठी माणसं गेली, मुख्याध्यापिकासुद्धा. पालकांशी बोलायचं ती व्यक्तीच उरली नव्हती. आईबाप जवळच्या अग्निशमन केंद्रात जमले. ज्यांची मुलं सापडली ते घेऊन गेले, बाकीचे थांबून राहिले, आणि शेवटी त्यांना सांगितलं ते राज्याच्या गव्हर्नरनं. तिकडे अशा प्रसंगातून गेलेल्या मुख्याध्यापकांनी २०१९ मध्ये आपलं एक जाळं उभं केलं. कुठल्या शाळेत काही झालं की त्यातलं कोणीतरी तिथल्या मुख्याध्यापकाला स्वतः फोन करतं. मला हेवा वाटला. आपल्याकडे बदलापूरला २० ऑगस्ट २०२४ ला लोक रेल्वे रुळांवर उतरले. राग शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराचा होताच, पण आपल्याला वेळेवर कोणी काही सांगितलं नाही याचाही होता. गप्प बसलं की प्रकरण निवतं, हा समज आपल्या कार्यालयांतून कधी जाणार, देव जाणे.

अवघड भाग खरं तर पुढचा. नवऱ्याचे भाऊबंद त्याच वाडीतले, त्यांचीही पोरं आमच्याच शाळेत. मुलांचा काका येऊन म्हणाला, शाळेत शोकसभा घेऊ नका, आमच्या पोरांना लोक बोटं दाखवतील. ताईंच्या माहेरचे म्हणाले, घ्याच. मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, फोटोला हार नको. मग आम्ही हार घातला नाही. परिपाठानंतर दोन मिनिटं सगळे उभे राहिलो, काकाची पोरंही त्याच रांगेत होती. दोन्हीकडचे थोडे थोडे नाराज राहिले, ते मी चालवून घेतलं.

बालकल्याण समितीनं मुलांना आजीकडे दिलं. आजी मुलांची शाळा तुटू नये म्हणून याच गावात खोली घेऊन राहिली.

दिवाळीनंतर शाळेच्या पत्त्यावर तुरुंगातून पत्र आलं. बापाचं. सरळ अक्षरात विचारलं होतं, मुलांना पहिल्या सत्रात किती मार्क मिळाले. मी ते कपाटात ठेवलं आणि समितीला कळवलं. आजीशी बोला, असं त्यांनी सांगितलं. आजीला घरी जाऊन वाचून दाखवलं. मुलगी आत भांडी लावत होती, तिलाही ऐकू जात होतं, आणि ते आजीनं मुद्दामच होऊ दिलं असावं.

"मार्क कित्याक होये तेका?" आजी म्हणाली. मग थोडं थांबून, "पोरां शाळेत जातत, जेवतत. इतक्याच लिवा."

तेवढंच लिहिलं, खाली आजीचा अंगठा घेतला आणि पत्र समितीमार्फत पाठवलं. एक प्रत मुलीनं मागून घेतली.