वादी, ब्लॅडर आणि चिखल

१९६२ नंतरच्या त्या दशकातले आपल्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचे सगळे फोटो एकाच घाटाचे आहेत. मागे उभे खेळाडू, खुर्च्यांवर प्राचार्य आणि जिमखान्याचे सर, आणि खाली बसलेल्या कप्तानापुढे चेंडू, त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं साल. खेळाडूंबद्दल या स्मरणिकेत बरेच जण लिहितील. मला त्या चेंडूबद्दल लिहायचं आहे, कारण आपल्या संघाचा निम्मा हंगाम जिमखान्याच्या खोलीतच ठरायचा.

१९६२ साली शिवाजी विद्यापीठ झालं. तोवर कोल्हापूरची कॉलेजं पुणे विद्यापीठाकडे होती. विद्यापीठ घरचं झालं तरी आंतरमहाविद्यालयीन सामने पावसातच यायचे आणि पाऊस कोल्हापूरचा. पेठांमधल्या तालमींत खेळून तयार झालेली पोरं कॉलेजला आयती मिळत, त्यामुळे खेळाची उणीव कधी नव्हती. सांभाळायचं होतं ते कातडं.

चेंडू कातडी, आत रबरी ब्लॅडर, म्हणजे हवेचा फुगा. घेर २७ ते २८ इंच, वजन १४ ते १६ औंस. नियमातलं हे वजन सामना सुरू होतानाचं, पुढे चेंडू किती पाणी पितो याला नियम नव्हता. भिजलेला चेंडू उत्तरार्धात दगडासारखा लागायचा.

तो भरणं हे कसबाचं काम. आधी ब्लॅडरला संगजिरे, म्हणजे टाल्कची मऊ पूड, चोळायचे, म्हणजे रबर आत सरकतं, घडी पडत नाही. ब्लॅडर चेंडूच्या चिरेतून आत सारून थोडी हवा भरायची आणि बोटाने चाचपून सुरकुत्या काढायच्या. ब्लॅडरची हवेची नळी बरोबर चिरेच्या मध्यावर हवी, तिच्याखाली कातड्याची जीभ सपाट बसवलेली हवी. जीभ दुमडली तर ब्लॅडर वादीच्या, म्हणजे चीर आवळणाऱ्या कातडी दोरीच्या, भोकांवर घासतो आणि ऐन सामन्यात फुस्स. मग हवा पूर्ण भरून नळी दुमडायची, सुतळीने आवळायची, ती गाठ आत दाबायची आणि मोठ्या बोथट सुईने वादी ओवायची. वादी एका दमात ओढायची नाही. प्रत्येक भोकाला थोडी थोडी ताणत न्यायची आणि शेवटचं टोक आत खुपसायचं. गाठ वर राहिली तर चेंडू हवेत डुलतो. वादीच्या बाजूने हेड बसला तर कपाळावर वळ उमटायचा, म्हणून कॉर्नर मारणारा चेंडू ठेवताना वादी आपल्याकडे येईल असा ठेवायचा.

सामना संपला की चिखल ओल्या फडक्याने पुसून चेंडू हवा भरलेलाच सावलीत टांगायचा. हवा काढून वाळवला तर तो अंडाकृती होतो, उन्हात वा चुलीजवळ ठेवला तर शिवणीला तडे जातात. नीट वाळल्यावर शिवणींवर चरबीचा हात फिरवायचा, तोही बेताने. जास्त झाली की कातडं सैल पडून घेर वाढतो. पंक्चर सायकलच्या दुकानात निघायचं, पण ठिगळ जाड बसलं तर चेंडू एका अंगाला ओढायचा. असा चेंडू सरावाला.

बुटांचे स्टड, म्हणजे पाय घसरू नये म्हणून तळाला असलेली बोंडं, ही कातड्याच्या चकत्या एकावर एक ठेवून खिळ्यांनी ठोकलेल्या. नियमाप्रमाणे उंची पाऊण इंचाच्या आत. चकत्या झिजल्या की खिळ्यांची डोकी बाहेर येत आणि समोरच्याची नडगी फाटे, म्हणून रेफरी सामन्याआधी तळवे पाहायचा. दुसरी खोड आतली. खिळा वर सरकला की तळपायात घुसतो. चांभाराकडून तो आतून वळवून घेणं हे आदल्या दिवशीचं काम, सामन्याच्या सकाळचं नव्हे. ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि ते भिजले की बदलायचे. हा कंटाळा ज्यांनी केला नाही, त्यांचे बूट दोन हंगाम टिकले.

मैदानाचं गणितही पाण्याचंच. गोलसमोरची आणि मधली जमीन आधी तुडवली जाते, तिथे चेंडू रुततो. कडेला गवत शाबूत राहतं. म्हणून पावसात खेळ विंगवरून, म्हणजे कडेने, न्यायचा आणि आखूड जमिनीलगतचे पास विसरायचे. टॉस जिंकला तर पहिल्या अर्ध्यात वारा पाठीशी घ्यावा, यावर माझं आजही ठाम मत आहे. चेंडू हलका असेतोवरच वाऱ्याचा फायदा असतो. रेषा आखायची पांढरी फक्की पावसात वाहून जायची, पण तिच्याऐवजी कळीचा चुना कधीच नको, ओल्या अंगाला आणि डोळ्यांना तो भाजतो.

रचना बहुतेकांची जुनीच, मागे बचावाला दोन बॅक, मध्ये तीन हाफ, पुढे चढाईला पाच फॉरवर्ड. सेंटर हाफला दोघा बॅकच्या मध्ये ओढणारे संघ पाण्यात जास्त टिकत, कारण निसरड्या जमिनीवर बॅकला वळायला वेळ लागतो आणि मागे कोणीतरी हवं असतं. बॅकने मागे दिलेला चेंडू गोलकीपर तेव्हा खुशाल हातात घेई, ती मुभा १९९२ पर्यंत होती. बदली खेळाडूची सोय मात्र आमच्या सामन्यांत नव्हती. विश्वचषकातसुद्धा ती १९७० साली आली. कोणाचा घोटा मुरगळला तर पट्टी घट्ट बांधून त्याला विंगवर उभं करायचं. पळता आलं नाही तरी समोरचा एक बॅक त्याच्यापाशी अडकून राहतो. अशा दहा जणांनी शेवटपर्यंत झुंजून राखलेले बरोबरीचे सामने मला जिंकलेल्या ढालींपेक्षा मोठे वाटतात.

हंगाम संपला की वादी उसवून ब्लॅडर बाहेर काढायचा, कोरडा करून पुन्हा संगजिरे लावायचे आणि हवा काढून सैल गुंडाळी करून ठेवायचा. चेंडूत जुनी वर्तमानपत्रं ठासून भरायची, म्हणजे आकार राहतो. सालाचा पांढरा रंग त्यानंतर द्यायचा आणि मगच चेंडू कपाटात जायचा.