हरिश्चंद्रगड: खिरेश्वरहून वर, पाचनईला खाली

नुसता गड गाठायचा असेल तर पाचनईची वाट धरा, तीच सोपी. आम्ही खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे चढलो. वाट लांब आणि दमवणारी आहे, पण डोंगराची घडण कळते ती तिथेच.

ज्वालामुखीचा डोंगर असला तरी इथे विवर शोधू नका. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत राहिला, त्याचे थरावर थर साचले आणि पुढच्या झिजेतून सह्याद्री उरला. टणक थरांचे कडे झाले, मऊ थर झिजून त्यांच्यामध्ये टप्पे पडले. त्यामुळे वाट उभी कातळाला भिडते, मग काही काळ आडवी जाते, पुन्हा भिडते. खिंडीतलं व्याघ्रशिल्प मागे टाकलं की रेलिंग लावलेला कातळटप्पा येतो. ओल्या कातळावर रेलिंगच्या भरवशावर राहू नका; आधी पाय पक्का रोवा. सह्याद्रीच्या या खडकात वाटाण्याएवढे पांढरे ठिपकेही दिसतात: लाव्ह्यातल्या वायूच्या पोकळ्या, मागाहून झिओलाइट नाहीतर कॅल्साइट या खनिजांनी भरलेल्या. ते उकरून खिशात घालू नका, हे अभयारण्य आहे.

शेकरू बघायचं तर सकाळी झाडीत गप्प चालायला हवं. स्पीकर लावून येणाऱ्यांना ते कुठून दिसणार! कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, तो हंगाम साधला तर भाग्यच. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर धूर, अत्तर, आरडाओरडा सगळं टाळा.

कोकणकडा आत वळलेला आहे, म्हणजे टोकाखाली पोकळीच. पालथं पडूनच डोकवा, वारा असेल तर तेही नको. सूर्यास्ताला गर्दी उसळते. मला विचाराल तर पहाट बरी. खाली दरीत ढग आणि पाठीशी ऊन असं जुळलं तर इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य दिसू शकतं. ब्रिटिश अधिकारी कर्नल साईक्स यांनी १८३५ मध्ये ते इथे पाहिल्याची नोंद आहे.

टाक्यांतलं पाणी गाळून, उकळून प्या; मार्चनंतर खालूनच भरपूर न्या. बेलपाड्याहून येणारी नळीची वाट मात्र दोर आणि माहितगार सोबत असल्याशिवाय करू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही.