शनिवारची इस्त्री

शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५
फिलाडेल्फिया

आज चर्चमधलं हिरवं उतरवून निळं घातलं. उद्यापासून आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, मंडळीचं नवं वर्ष. वेदीवरचं वस्त्र, प्रवचनपीठावरचा पडदा, बायबलमधल्या खुणेच्या पट्ट्या, सगळंच बदलायचं होतं. आम्ही तिघी होतो. काम आटपेपर्यंत बाहेर मिट्ट काळोख.

नागपुरात १९७० साली आजच्याच तारखेला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्याआधी आमचं नगरचं घर मूळचं एसपीजी या इंग्रज मिशनचं, म्हणजे अँग्लिकन, इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं. त्यामुळे इथल्या, त्याच परंपरेतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा इंग्रजी कानाला नवं असूनही कुठे उभं राहायचं, कुठे गुडघे टेकायचे हे शरीराला माहीत होतं. बाहेर पाटी होती, ‘एपिस्कोपल चर्च तुमचं स्वागत करते’. आणि स्वागत खरंच झालं. दारात हात हातात घेतले, उपासनेनंतर कॉफी दिली, घरी जाताना केकचा तुकडाही बांधून दिला. दोन वर्षं मी कॉफी पिऊन घरी येत होते. सगळे प्रेमानं वागायचे, तरी मी पाहुणीच होते.

मग एका रविवारी चर्चमधल्या एका आजींनी विचारलं, “तुला इस्त्री येते का गं?” (त्यांना इथे सगळे नावानं हाक मारतात. माझ्या तोंडून नुसतं नाव निघत नाही, मी आजीच म्हणते, आणि त्या ओ देतात.) तोवर प्रत्येकजण मला काहीतरी द्यायला आला होता. माझ्याकडे काही मागणाऱ्या त्या पहिल्या.

तेव्हापासून शनिवारी मी ऑल्टर गिल्डमध्ये, म्हणजे वेदीची तयारी करणाऱ्या गटात. प्रभुभोजनाचा प्याला पुसायचे पांढरे रुमाल धुवायचे, ओलसर असतानाच इस्त्री करायची. तीन घड्या उभ्या, तीन आडव्या, वर बारीक भरतकामाचा क्रूस दिसला पाहिजे. लिपस्टिकचे डाग द्राक्षारसाच्या डागांपेक्षा चिवट. इस्त्री फिरवताना आजी बोलत असतात. १९७४ च्या जुलैत याच शहरातल्या चर्च ऑफ दि अ‍ॅडव्होकेटमध्ये अकरा बायकांना पाळकपदाची दीक्षा दिली, तेव्हा एपिस्कोपल चर्चनं त्याला अजून मान्यता दिली नव्हती, ती १९७६ मध्ये मिळाली. आजी तेव्हा विशीत होत्या. आज आमच्या पाळक बाईच आहेत, आणि प्रभुभोजनाच्या वेळी त्यांनी हात उंचावले की आजी डोळे मिटत नाहीत, बघत राहतात.

वेदीमागच्या खोलीत एक लहानसं बेसिन आहे. त्याची सांडपाण्याची नळी गटाराला जोडलेली नाही, पाणी थेट जमिनीत मुरतं. रुमालांचं पहिलं पाणी त्यातच टाकायचं, कारण त्यात प्रभुभोजनाचा द्राक्षारस असतो. आज ते पाणी ओतताना मला एकदम आई दिसली. ती चर्चची वस्त्रं धुवायला घरी आणायची, पहिलं पाणी बादलीत धरून गुलाबाच्या आळ्यात ओतायची आणि मला बजावायची, “मोरीत नको हं.” का, ते मी कधी विचारलं नव्हतं. लहानपणी वाटायचं, गुलाबासाठीच असेल.

आजींना सांगितलं. त्यांनी हातातली इस्त्री उभी करून ठेवली. आई कधी गेली ते विचारलं, मग उद्याच्या प्रार्थनेची वही पुढे केली. मृतांसाठीच्या विनंत्यांत मी तिचं नाव लिहिलं, खाली उच्चारही फोडून लिहिला. तिच्या नावात ळ आहे.

उद्या या विनंत्या वाचणारा कॉलेजातला मुलगा मेणबत्त्यांच्या चक्रासाठी हिरव्या फांद्या घेऊन आला होता. वही हातात घेऊन तो ळ पाशी अडला. मी म्हणून दाखवलं. त्यानं म्हणून पाहिलं, जमलं नाही. पुन्हा म्हटलं. आम्ही दिवे मालवून कोट घालत होतो, तेव्हाही तो दाराशी उभा राहून ते नाव म्हणत होता.