४०४ झालेली पानं परत २०० वर आणताना

माझ्या साइटच्या जुन्या पत्त्यांची आवराआवर जवळजवळ संपली, पण मध्येच एक चूक झाली. रीडायरेक्टच्या, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याच्या, नियमात एक तिरकी रेघ राहून गेली आणि एका फोल्डरमधली सगळी पानं दोन दिवस ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ हा कोड, देत होती. नियम दुरुस्त केला, कर्ल या कमांडने सर्व्हरच्या उत्तराचे हेडर तपासले, २०० (सगळं ठीक) आला. तेव्हापासून रोज सर्व्हर लॉग (कोण कुठल्या पानावर आलं याची नोंद) वाचतोय.

आपण कोड बदलला हे सर्च इंजिनला आपोआप कळत नाही. क्रॉलर, म्हणजे पानं वाचत फिरणारा त्याचा प्रोग्राम, पुन्हा त्या पानावर येईल तेव्हाच कळणार, आणि प्रत्येक पानावर यायची त्याची पाळी वेगळी. नेहमी बदलणाऱ्या पानांवर गूगलचा क्रॉलर गूगलबॉट दुसऱ्याच दिवशी आला. कोपऱ्यातल्या जुन्या पानांकडे त्या दोन दिवसांत तो फिरकलाच नव्हता, म्हणजे त्याच्या लेखी तिथे काही घडलंच नाही! ४०४ दिसत राहिला तर पान इंडेक्समधून (सर्च इंजिनच्या यादीतून) जातं आणि फेऱ्याही हळूहळू विरळ होतात. पूर्ण थांबत मात्र नाहीत, म्हणून परतीची वाट उघडी असते. ‘पान कायमचं काढलं’ सांगणाऱ्या ४१० चंही गूगलकडे जवळपास तसंच.

दुसरं काम ३०२ चं, म्हणजे तात्पुरत्या रीडायरेक्टचं. कायमचं हलवलेलं पान मी चाचणीपुरतं म्हणून ३०२ वर ठेवलं होतं, ते आता ३०१ (कायमचं रीडायरेक्ट) केलं. नवा पत्ता हाच मुख्य, याचा ३०१ हा भक्कम संकेत आहे, ३०२ कमकुवत. हे रीडायरेक्ट निदान वर्षभर काढणार नाही. ज्या पानांना पर्यायच नाही, ती मुख्यपृष्ठाकडे वळवण्याचा मोह मात्र टाळला. तसं केलं की गूगल त्यांना सॉफ्ट ४०४ (कोड ४०४ नसला तरी पान नसल्यासारखंच) धरतं, आणि वाचकही भलत्याच ठिकाणी पोचतो.

पुढच्या आठवड्यात सर्व्हर बदलायचा आहे. तेवढ्या वेळापुरता ५०३ (सेवा तात्पुरती बंद) आणि सोबत पुन्हा कधी यायचं ते सांगणारा रिट्राय-आफ्टर हेडर देईन. थोडा वेळ ५०३ दिसला तर क्रॉलर वेग कमी करून नंतर येतो. तो दिवसेंदिवस राहिला तर पानं इंडेक्समधून गळू लागतात. क्रॉलरने कुठे यायचं, कुठे नाही हे सांगणाऱ्या रोबोट्स डॉट टीएक्सटीकडे आधी बघणार आहे, कारण त्या एका फाइलने ५०३ दिला की गूगल पहिले १२ तास सगळ्या साइटचं क्रॉलिंगच थांबवतं.

दोन-तीन ठिकाणी रीडायरेक्टची साखळी उरली आहे. गूगलबॉट १० टप्प्यांपर्यंत माग काढत जातो, पण मला प्रत्येक जुना पत्ता एका उडीत नव्यावर न्यायचाय. लॉग पाहून पुढची नोंद लिहितो.