आमची वाटचाल : ५१२ हा आकडा

आमची फर्म औषधांच्या चाचण्यांची सांख्यिकी आखणी करते, आणि प्रत्येक आखणी संगणकावर हजारो खोट्या चाचण्या चालवून, म्हणजे सिम्युलेशन करून, तपासते. त्या सिम्युलेशनची नोंदवही आता नवव्या खंडात आहे. रकाने पहिल्या दिवसापासून तेच: तारीख, अभ्यासाचा सांकेतिक क्रमांक, परिस्थिती नल (औषधात दम नाही) की पर्यायी (दम आहे), रन म्हणजे फेऱ्या किती, सीड कोणता (हा सुरुवातीचा आकडा तोच दिला की संगणक तेच निकाल परत देतो), आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरची आणि पॅकेजची आवृत्ती, चालवणाऱ्याची सही. सगळं शाईने. खाडाखोड चालते, पण खोडलेलं वाचता आलं पाहिजे. नवीन मुलं हसतात, कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये सगळं असतंच म्हणतात. असतं. पण सीड हाताने लिहिताना माणूस क्षणभर थांबतो आणि आपण नक्की काय चालवतोय हे स्वतःला विचारतो. कल्पना माझ्या भागीदाराची. तेव्हा मीही हसलो होतो.

आम्ही दोघांनी फर्म काढली २०१० साली, एफडीएचा, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाचा, अडॅप्टिव्ह डिझाइनवरचा (मधले निकाल बघून चालू चाचणी आधी ठरवलेल्या नियमाने बदलण्यावरचा) मसुदा आला त्याच वर्षी. त्या मसुद्याने पद्धतींची सरळ दोन खाती पाडली होती: नीट समजलेल्या आणि कमी समजलेल्या. गटवार निकाल बघून सॅम्पल साइझ, म्हणजे रुग्णसंख्या, वाढवणं हे दुसऱ्या खात्यात. आम्हाला नेमकं तेच करायचं होतं. घरच्यांना धंदा समजावून सांगणं सोडून दिलं होतं. गिऱ्हाइकांना सांगणंही फारसं सोपं नव्हतं. "मध्येच एकदा डोकावून बघितलं तर बिघडतं काय?" हा प्रश्न प्रत्येक बैठकीत. म्हणून आमची पहिली स्लाइड कायमची ठरली: आर्मिटेज, मॅकफर्सन आणि रो यांचा १९६९ चा तक्ता. औषधात काहीही दम नसताना ५ टक्क्यांच्या कसोटीवर दोनदा बघितलंत तर खोट्या यशाची शक्यता ८.३ टक्के, पाचदा बघितलंत तर १४.२, दहादा बघितलंत तर १९.३. एवढं दाखवलं की खोली शांत व्हायची.

मग बाउंडरीचा वाद, म्हणजे दोन गटांतल्या फरकाचं माप, झेड, कुठल्या रेषेपलीकडे गेलं की यश मानायचं याचा. या रेषा आखायच्या दोन प्रसिद्ध पद्धती: पोकॉकची आणि ओब्रायन-फ्लेमिंगची. पाच वेळा बघायचं असेल तर पोकॉकची रेषा दर वेळी २.४१ वर. ओब्रायन-फ्लेमिंगची पहिल्या वेळी ४.५६ इतकी उंच की तिथे थांबणं जवळपास अशक्य, पण शेवटी २.०४ वर उतरते. स्पॉन्सर लोकांना, म्हणजे चाचणीचा खर्च करणाऱ्या कंपन्यांना, पोकॉक आवडतो, कारण लवकर थांबायची आशा दिसते. शेवटच्या विश्लेषणात झेड २.३ आला की मात्र तेच लोक डोकं धरून बसतात. साध्या एकदाच बघण्याच्या चाचणीत पास, ओब्रायन-फ्लेमिंगमध्ये पास, आणि यांच्या आवडत्या पोकॉकमध्ये नापास! आम्ही पोकॉक फार क्वचित दिला. आणि दोन्हींतलं काहीही घ्या, वर लॅन-डीमेट्सचं अल्फा खर्चाचं फलन (प्रत्यक्ष जितकी माहिती जमली त्या हिशेबाने खोट्या यशाची मुभा वाटून देणारं सूत्र) घातल्याशिवाय घेऊ नका. डीएमसीची, म्हणजे मधले निकाल बघणाऱ्या स्वतंत्र समितीची, बैठक बरोबर ४० टक्के माहिती जमली त्याच दिवशी भरल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही.

आता ५१२ कडे येतो.

२०१६. एका मध्यम आकाराच्या औषध कंपनीची दोन गटांची चाचणी, दहा केंद्रं, मूळ सॅम्पल साइझ ४००. निम्म्यावर, म्हणजे २०० रुग्णांवर एक इंटरिम, म्हणजे मधलं विश्लेषण. तिथे कंडिशनल पॉवर (तोवरचे आकडे बघता शेवटी यश मिळण्याची शक्यता) आशादायक पट्ट्यात आली तर ती ९० टक्क्यांपर्यंत जाईल इतके रुग्ण वाढवायचे, कमाल ६००. एरर रेट, म्हणजे खोट्या यशाचा दर, सांभाळायला कुई-हंग-वांग पद्धतीची आधी ठरवलेली वजनं: दोन्ही टप्प्यांना सारखा मान, मग दुसरा टप्पा कितीही फुगो. डिझाइन चोख होतं, आजही म्हणतो. इंटरिम झाली, डीएमसीने बंद लिफाफ्यातून नवा आकडा कळवला: ५१२.

४०० चे ५२० झाले असते तर कोणी भुवई उंचावली नसती. ५१२ हा आकडा मात्र आपण कुठून आलो ते ओरडून सांगतो. रुग्ण किती वाढवायचे त्याचं सूत्र प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे चाचणीच्या मूळ आराखड्यात, छापलेलं होतं. ते आम्ही बंद दस्तऐवजात ठेवायला सांगितलं होतं. कंपनीच्या कायदेवाल्यांनी पारदर्शकतेचा धोशा लावला, आणि शेवटी त्या पानावर सही माझीच होती. कंपनीतल्याच एकाने एका संध्याकाळी स्प्रेडशीटवर उलटं गणित मांडलं: नवा आकडा ५१२, म्हणजे इंटरिमचा झेड १.८ च्या आसपास. औषध चालतंय, पण काठावर. आठवडाभरात ही बातमी केंद्रांपर्यंत गेली. पुढे जे रुग्ण भरती झाले ते पहिल्या टप्प्यापेक्षा उघडउघड सौम्य आजाराचे होते. मधले निकाल कंपनीपासून लपवणारी फायरवॉल कागदावर शाबूत होती. कोणाला कोणता उपचार मिळाला त्याचा एकही कोड फुटला नव्हता, एकही फाइल बाहेर गेली नव्हती. बाहेर गेला तो एक पूर्णांक.

नियामकांनी दोन टप्प्यांत इतका फरक का, असं विचारलं. कंपनीने आमचं बिल थांबवलं आणि ऑडिटसाठी दुसरी फर्म नेमली. तिचं नाव घेत नाही; धंद्यातल्यांना माहीत आहे. आमच्या दसपट मोठी, चकचकीत सादरीकरणं, प्रत्येक वाक्यात 'इनोव्हेटिव्ह'. त्यांनी ४३ पानांचा अहवाल दिला. त्यातली ४० पानं आमच्या डिझाइनला 'अनुपयुक्त' ठरवण्यात खर्ची पडली होती. नोंदवहीतले सीड घेऊन त्यांनी आमची सगळी सिम्युलेशन्स पुन्हा चालवली, आणि चौथ्या दशांशापर्यंत आकडे जुळले. ही गोष्ट परिशिष्टात, अर्ध्या ओळीत. ती अर्धी ओळ मी फ्रेम करून लावणार होतो, भागीदाराने अडवलं.

अहवाल फिरला. चालू असलेली दोन कामं 'तूर्त थांबवू या' म्हणत गेली, ती परत आलीच नाहीत. चौघांपैकी दोघांना मी स्वतः निरोप दिला. सहा महिन्यांनी भागीदारही नोकरीत गेला. "अरे, तू चालव, मी वही तपासायला येत जाईन," म्हणाला, आणि आजही येतो.

त्या वर्षी फर्म तगली ती एका डॉक्टरबाईंमुळे. रक्ताच्या कर्करोगावर योग्य डोस शोधण्याच्या लहान लहान चाचण्या करणाऱ्या. पैसा कमी, रुग्ण कमी, आणि एकेका रुग्णाचं नाव पाठ असलेल्या. पूर्वी सगळ्यांसारखं ३+३ वापरायच्या: तिघांना डोस, कोणालाच त्रास नाही तर वर, एकाला झाला तर आणखी तिघे. त्याला विषारीपणाचं कुठलंही लक्ष्य नाही, आणि खालच्या डोसांवर काय झालं त्याची आठवण नाही. १९९० च्या सीआरएमचं, म्हणजे प्रत्येक निकालानंतर सगळी माहिती धरून पुढचा डोस काढणाऱ्या पद्धतीचं, मॉडेल मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. तासभर ऐकून म्हणाल्या, "सगळं पटलं, पण रात्री अकराला वॉर्डातून फोन आला की मी तुमचं मॉडेल कुठे चालवू?"

म्हणून आम्ही २०१५ च्या बॉइन पद्धतीवर आलो. लक्ष्य ३० टक्के. त्या डोसवरचं विषारीपणाचं प्रमाण ०.२३६ किंवा कमी असेल तर वरचा डोस, ०.३५९ किंवा जास्त असेल तर खालचा, मधे असेल तर तिथेच. सहापैकी एकाला त्रास: वर. सहापैकी दोघांना: त्याच डोसवर राहा. तिघांना: खाली. हे सगळं एका कार्डावर बसतं. बाईंनी ते कार्ड लॅमिनेट करून एप्रनच्या खिशात ठेवलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत जास्त वापरलं गेलेलं सांख्यिकी साधन म्हणजे तो कपटा. बिल पडलं होतं, अहवाल फिरत होता, तेव्हा मीच त्यांना फोन करून सांगितलं, मॅडम, दुसरं कोणी बघा. त्या म्हणाल्या, "सीड जुळले ना? मग मला काय सांगताय." त्यानंतरच्या वर्षभरात तीन चाचण्या दिल्या.

इथे थोडं शिकवतो, माफ करा. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी १,००० रनवर एरर रेट सांगू नये. खरा दर २.५ टक्के असेल तर १,००० रनमध्ये त्यावरची प्रमाण त्रुटी ०.५ टक्क्याची, म्हणजे तुम्हाला ३ दिसला काय आणि २ दिसला काय, काहीच कळलं नाही. १०,००० वर ती ०.१६, एक लाखावर ०.०५. नल परिस्थितीला आम्ही एक लाखाच्या खाली जात नाही. आणि नल एकच नसते. नियंत्रण गटाचा दर १० टक्के धरून एरर रेट शाबूत दाखवलात, तर तो २० आणि ३० ला काय होतो तेही दाखवा, नियामक विचारणारच. मशीन रात्रभर चालू द्या. वीज खर्च होते, अब्रू राहते.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. सांगण्यासारखं काही नाही.

नाही म्हणायला एकदा तीच मोठी फर्म पुन्हा समोर आली. गिऱ्हाइकाला त्यांनी निकालानुसार रँडमायझेशन (कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार ते नशिबावर सोडणारं वाटप) वळवणारं डिझाइन विकलं होतं: जो गट जिंकतोय त्याला जास्त रुग्ण, किती नैतिक, किती सुंदर. थॉम्पसन यांनी १९३३ मध्ये मांडलेली ही कल्पना मलाही आवडते. पण मी नवजात बाळांच्या एक्मो (शरीराबाहेर रक्तात प्राणवायू भरणारं यंत्र) चाचणीची गोष्ट सांगितली. १९८५ ची, मिशिगनमधली: बारा बाळं, त्यातलं एकच नेहमीच्या उपचारावर गेलं आणि दगावलं, एक्मोवरची अकराही जगली. निकाल इतका एकतर्फी, तरी पटला कोणाला? एका बाळावर तुलना उभी राहत नाही. प्रश्न मिटायला १९९६ ची १८५ बाळांची ब्रिटिश चाचणी लागली, तीही साध्या समान वाटपाची. गिऱ्हाइकाने ऐकून घेतलं आणि काम त्यांनाच दिलं.

५१२ नंतर आम्ही डिझाइन बदललं ते असं: वाढ सलग सूत्राने नाही, पायऱ्यांनी. ४००, ४८०, ६००, बस. प्रत्येक पायरीमागे झेडचा एवढा रुंद पट्टा की उलट्या गणितातून हाती फारसं लागू नये, आणि पायऱ्या नेमक्या कुठे बदलतात ते फक्त डीएमसी आणि नियामकांच्या कागदात. हा काही आमचा शोध नव्हे. एफडीएच्या २०१९ च्या अंतिम मार्गदर्शिकेतही अशाच उपायांचा सल्ला आहे. आमचं स्वतःचं म्हणावं असं त्यात एकच होतं. पायरी नेहमी ४० च्या पटीत ठेवायची, कारण आमची दहा केंद्रं आणि रँडमायझेशनचे ब्लॉक चारचे, म्हणजे दर चार रुग्णांत दोन्ही गटांना सारखे. पायरी चढली की प्रत्येक केंद्राच्या वाट्याला पुरे ब्लॉक येतात, अर्धवट ब्लॉक कुठेच लोंबकळत नाही.

मागच्या वर्षी एका कंपनीने दुसरं मत म्हणून एक डिझाइन आमच्याकडे पाठवलं. करार आहे, तेव्हा जास्त सांगत नाही. करणारी तीच फर्म. 'आमची खास पायरी पद्धत' असं शीर्षक, पायऱ्या ४००, ४८०, ६००, आणि खाली टीप: वाढ ४० च्या पटीतच असावी. त्या चाचणीत केंद्रं सात होती, आणि ब्लॉक सहाचे.