आमची वाटचाल : नावावरून पत्ता, पत्त्यावरून नाव

आमच्या फर्मचं पहिलं काम होतं एका ग्राहकाच्या वेब सर्व्हरच्या लॉगवरून, म्हणजे भेटींच्या नोंदींवरून, रोजचा अहवाल काढून देणं. लॉगमध्ये नुसते आयपी पत्ते, म्हणजे संगणकांचे आकड्यांतले पत्ते, असायचे, ग्राहकाला हवी होती होस्टनेम, म्हणजे त्या संगणकांची नावं. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेतलं, पत्त्यावरून नाव काढणारं फंक्शन गेटहोस्टबायअ‍ॅड्र हाताशी होतंच. स्क्रिप्ट छोटीशी झाली, पण चालायला रात्र पुरेना. नेमसर्व्हर, म्हणजे नाव-पत्त्यांची उत्तरं देणारा सर्व्हर, गप्प राहिला तर लिनक्सवर मुळात 5 सेकंद वाट पाहिली जाते आणि 2 वेळा विचारलं जातं, आणि असे मुके पत्ते लॉगमध्ये पुन्हा पुन्हा येतात. आम्ही मिळालेलं प्रत्येक उत्तर हॅशमध्ये, म्हणजे पत्ता आणि त्याचं उत्तर अशा जोड्यांच्या तक्त्यात, ठेवायला लागलो. ‘नाव सापडलं नाही’ हेसुद्धा उत्तरच मानून ठेवलं, आणि वेळ खरा वाचला तो त्यामुळे.

पुढची मागणी होती खरे सर्च बॉट (सर्च इंजिनांसाठी पानं वाचत फिरणारे प्रोग्रॅम) आणि तोतये वेगळे काढण्याची. इथे उलट्या लुकअपवर, म्हणजे पत्त्यावरून मिळालेल्या नावावर, विसंबून चालत नाही. पत्त्याचं नाव सांगणारी पीटीआर नोंद ज्याच्या ताब्यात, तो तिथे वाट्टेल ते नाव लिहू शकतो. म्हणून पत्त्यावरून नाव काढायचं, त्या नावावरून पुन्हा पत्ते काढायचे आणि मूळ पत्ता त्यात आहे का ते बघायचं. गूगलनेही आपला बॉट ओळखायला हीच रीत सांगितली आहे. या एका तपासणीमुळे आमच्याकडे मेल सर्व्हर सांभाळणारे ग्राहक येऊ लागले. आजही आमचं निम्मं काम त्यांचंच आहे.

आयपीव्ही6, म्हणजे आणखी लांब आयपी पत्त्यांची नवी पद्धत, आल्यावर जुन्या स्क्रिप्टांना हात घालणं भागच होतं. पायथन भाषेतलं, नावावरून पत्ता काढणारं गेटहोस्टबायनेम फक्त आयपीव्ही4 चा, म्हणजे जुन्या पद्धतीचा, पत्ता देतं, तोही एकच. पीएचपीमधलं त्याच नावाचं फंक्शन तर पत्ता मिळाला नाही की दिलेलं नावच जसंच्या तसं परत करतं, त्यामुळे आलेली स्ट्रिंग खरोखर पत्ता आहे का हे तपासल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. आम्ही सगळीकडे त्याऐवजी दोन्ही पद्धतींचे पत्ते देणारं गेटअ‍ॅड्रइन्फो आणलं. पर्लच्या सॉकेट मॉड्यूलमध्ये ते 2011 च्या 5.14 आवृत्तीपासून सोबतच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. त्याच्याकडून पत्त्यांची यादी मिळते. पहिल्या पत्त्यावर जोडणी झाली नाही तर दुसरा, मग तिसरा, अशी ती संपेपर्यंत चालवायची.

नव्याने येणाऱ्या मुलांना आम्ही अजूनही आधी पर्लवरच बसवतो. इनेट_एटॉन या फंक्शनला 127.0.0.1 हा पत्ता द्यायला सांगतो आणि परत येईल ते छापायला लावतो. पडद्यावर काहीतरी अगम्य उमटतं, कारण हातात आलेले असतात कच्चे 4 बाइट. उलटं काम करणाऱ्या इनेट_एनटोआमधून काढले की ओळखीचे आकडे दिसतात. आयपीव्ही4 चा पत्ता म्हणजे मुळात 32 बिटांची संख्या, हे एकदा असं डोळ्यांनी पाहिलं की पुढचं समजावणं सोपं जातं.

ग्राहकांचे सर्वाधिक फोन मात्र एकाच तक्रारीचे असतात: ‘डिग बरोबर पत्ता दाखवतंय, तुमची स्क्रिप्ट भलतीकडे जातेय.’ डिग हे पत्ता शोधून दाखवणारं साधन थेट नेमसर्व्हरला विचारतं. स्क्रिप्ट विचारते सिस्टिमला, आणि सिस्टिम बहुधा आधी होस्ट्स फाइल, म्हणजे त्याच मशीनवरची नाव-पत्त्यांची यादी, बघते. कुणीतरी सर्व्हर हलवताना तिथे तात्पुरती टाकलेली ओळ तशीच राहून गेलेली असते. म्हणून आमच्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये आता एक पर्याय असतो, तो दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी छापतो. तो दिल्यापासून बरेच ग्राहक फोन उचलण्याआधीच ती ओळ शोधून काढतात.

सध्या हात घातलाय तो महिनोन्‌महिने चालू राहणाऱ्या सेवांना. सुरुवातीला एकदा पत्ता काढून तो धरून बसलेली प्रक्रिया सर्व्हर बदलला तरी जुन्याच दारात उभी राहते. गेटअ‍ॅड्रइन्फो टीटीएल, म्हणजे उत्तर ग्राह्य धरायची मुदत, सांगत नाही, त्यामुळे उत्तर किती वेळ धरून ठेवावं हे त्यावरून कळत नाही. अहवालाच्या एका फेरीपुरतं हॅशमध्ये ठेवणं ठीक, पण अशा सेवांमध्ये प्रत्येक नवीन जोडणीच्या वेळी नाव पुन्हा विचारायचं, असं आम्ही ठरवलंय आणि एकेका ग्राहकाकडे तसा बदल करत चाललोय.