केसपेपरवरचं नाव

नायजेरियातल्या इबादानच्या आमच्या बालरुग्ण ओपीडीत सोमवारी पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत आईच्या पाठीवर कापडाने बांधलेलं दीड वर्षाचं पोर आलं. दोन्ही हातांची बोटं टम्म सुजलेली, हात लावला की किंचाळायचं. मार लागलेला नव्हता, तापही जेमतेमच. "आधीची मुलं किती?" मी विचारलं. "हाच पहिला," आई म्हणाली.

सिस्टरने न बोलता केसपेपरवरच्या नावावर बोट ठेवलं. कोकुमो. इथल्या योरुबा भाषेत याचा अर्थ 'आता मरणार नाही'. पहिल्या मुलाला हे नाव कोणी ठेवत नाही.

योरुबा घरात बारसं आठव्या दिवशी होतं. मध, मीठ बाळाच्या ओठाला लावतात, आणि नाव ठेवतात ते घरात काय घडलंय ते पाहून. जुळ्यांतलं आधी आलेलं तायवो, मागून आलेलं केहिंदे; थोरलेपणाचा मान मात्र केहिंदेला, कारण जग कसं आहे ते बघायला त्यानेच तायवोला पुढे धाडलं असं मानतात. पायाळू मूल इगे. आजोबा गेल्यावर नातू झाला की बाबातुंडे, बाप परत आला. आणि मुलं लागोपाठ दगावली, तर तेच मूल फिरून फिरून येतं आणि जातं असं धरतात. त्याला आबिकू म्हणतात. मग नावं येतात मालोमो, 'पुन्हा जाऊ नकोस', दुरोजाये, 'थांब, जगून घे'. आपल्याकडे मूल जगावं म्हणून धोंडू, दगडू ठेवायचे, ते मृत्यूची नजर चुकवायला. इथे आई-बाप थेट मुलाचीच विनवणी करतात. मला ही नावं वाचताना अजूनही भरून येतं.

सिस्टर तिच्याशी योरुबात हलकेच बोलली. मग आईने सांगितलं. कोकुमोच्या आधी दोघं गेली होती, आणि दोघांचीही बोटं अशीच सुजायची.

सिकलसेल, आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. नागपुरात शिकताना गडचिरोलीच्या मुलांच्या हातांवर हीच सूज पाहिली होती. नायजेरियात चार माणसांत साधारण एक वाहक असतो, म्हणजे दोष अंगात असतो पण आजार नसतो. लग्न ठरवताना 'जीनोटाइप', म्हणजे रक्ताचा जनुकीय प्रकार, विचारतात तो यासाठीच. नवरा-बायको दोघंही एएस, म्हणजे वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता मूल एसएस, म्हणजे आजारी निघण्याची. कोकुमोचा रिपोर्ट एसएसच आला.

पेनिसिलिन, फॉलिक अ‍ॅसिड, मलेरियाची रोजची गोळी, भरपूर पाणी. आईची बोटं धरून पोराच्या डाव्या बरगडीखाली प्लीहा कशी चाचपायची ते दाखवलं. ती अचानक मोठी लागली तर रात्र-अपरात्र न बघता यायचं. दुसऱ्यांदा तिने स्वतः बरोबर जागा शोधली. तिला पाचवा महिना होता, म्हणून नवरा-बायकोचं रक्त त्याच आठवड्यात तपासून घेतलं आणि बाळ जन्मताच तपासायचं, हे तिच्या प्रसूतीच्या कार्डावर लिहून दिलं.